आत्याच्या घोरण्याची कॅसेट

छतापर्यंत कापसाने भरलेली खोली... दार लोटलं की आधी सरकीचा तेलकट, उबदार वास यायचा, मग उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे तंतू दिसायचे, आणि त्या पांढऱ्या ढिगात खळगा करून निजलेली आमची आत्या. नार्नूरजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर घरं अशीच भरून जात. माणसं अंग चोरून झोपत आणि कापूस ऐसपैस लोळे. त्या खोलीत कुणी ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नसे. आत्या तिथे निजायला गेली ती याच गुणासाठी.

ती बाबांची धाकटी बहीण. नेरडीगोंड्याकडच्या सासरी जेमतेम दोन पावसाळे काढले असतील, तिला परत आणून सोडलं. रात्रभर घोरते, घरात कुणाला झोप नाही, हे कारण. त्यावर तिचं एकच उत्तर होतं, आणि वेचणीला जाताना, ज्वारी पाखडताना, अंगण सारवताना ती ते येईल त्याला ऐकवायची — "मी घोरत नाई म्हंजे नाई! तेईले मले टाकाचं व्हतं, म्हून हे निमित्त काहाडलं." आपल्यावर खोटा आळ आला, एवढ्या एका समजुतीवर ती बाई ताठ मानेने जगत होती. आणि घोरायची मात्र अशी, की फडताळातल्या वाट्या किणकिणाव्यात. कुणी तोंडावर सांगितलंच तर भांडायची, उपाशी झोपायची... आणि झोपली की घोरायची.

काका तेव्हा उटनूरला कचेरीत कारकून होता. त्याने नवाकोरा टेपरेकॉर्डर आणला. त्याच्या कातडी पिशवीचा वास आम्ही पोरं हुंगत बसायचो. एका रविवारी दुपारी आत्या ओसरीवर लवंडली तशी काकाने टेप हळूच तिच्या उशाशी ठेवला आणि लाल बटण दाबलं. आम्ही सगळे तोंडावर हात, पदर, जे मिळेल ते दाबून भोवती बसलो. घोरणं चढत गेलं, चढत गेलं — आणि मधेच तुटलं. श्वासच नाही. छाती हलेना.

"मेली का रे?" बाबा कुजबुजले, आणि आम्हाला हसू फुटलं. तेवढ्यात तिच्या घशातून मोठा आचका आला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी चहाच्या वेळी काकाने कॅसेट लावली. आत्या बशी हातात धरून ऐकत राहिली. "कोन हाये हे?" तिने विचारलं, अगदी भाबडेपणाने, ओठांवर हसू तयार ठेवून.

"वळख ना," काका म्हणाला. "तूच होय."

तिला पटेना. मग टेपमधलं घोरणं तुटलं, बाबांचा प्रश्न आला, आमचं हसणं आलं. तिने बशी खाली ठेवली. "म्हंजे ते लोक खरं बोलत व्हते," ती म्हणाली. आमच्या घरात मारझोड काही कमी नव्हती. पण याहून क्रूर काही मी तिथे पाहिलं नाही.

आळाचं ते वाक्य तिने पुन्हा कधी उच्चारलं नाही. निर्मलच्या लाकडी फळांचा माझा एक खेळ होता, त्यातला लिंबू तिने मागून घेतला — "देतं का माय, मले?" — आणि चोळीच्या पाठीत शिवून टाकला, उताणं होताच टोचावा म्हणून. टोचायचा तो; घोरणं थांबलं नाही. शेवटी उशी काखेत मारून ती कापसात गेली. घर शांत झालं. "आता कशी झोप लागते, बाई," आई म्हणाली, आणि खोटं कशाला, सगळेच सुखावले.

कापूस आदिलाबादला न्यायचा त्या सकाळी गाडी दारात उभी राहिली, खोली उघडली, तर आत्या उठली नाही. झोपेत श्वास असा अडतो त्याला आज डॉक्टर आजार म्हणतात, त्यावर उपचार करतात. आम्हाला त्रास आवाजाचा होता. तो थांबला की आम्ही हसायचो. अंघोळ घालताना बायांना तिच्या पाठीवर लिंबाएवढा काळानिळा डाग दिसला.

तेराव्या दिवशी पंगती उठल्यावर बाबा काकाला म्हणाले, "लाव रे तो टेप. तिचा आवाज हाये त्याच्यात." दुसरीकडे कुठे तो नव्हताच. घोरणं सुरू झालं तशा बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या, बाबा मान खाली घालून ऐकत होते... आणि आवाज तुटला. पुढे काय येणार हे बाबांना आमच्याआधी कळलं असावं. त्यांचा हात बटणाकडे गेला, पण पोचला नाही.

"मेली का रे?" टेपमधल्या बाबांनी विचारलं. आम्ही सगळे हसलो. मग आचका आला, आणि आत्या पुन्हा श्वास घेऊ लागली.

आता बाबाही नाहीत. कॅसेट माझ्याकडे आहे. त्यांचाही आवाज दुसरीकडे कुठे उरलेला नाही — तेवढा एक प्रश्न, आणि त्यावरचं आमचं हसणं.