चौकटीला लावलेलं कुंकू

माझं माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी माझ्या हातात कुंकवाचा करंडा दिला. "गल्लीत बोलावणं करून ये. तुह्यं पहिलं हळदीकुंकू हाये, तूच गेलं पायजे."

यात अवघड ते काय? बाईला कुंकू लावायचं, 'संध्याकाळी या' म्हणायचं. पण त्या काळातली मी म्हणजे अजब नग! परकी बाई समोर आली की तळहातांना घाम फुटायचा आणि वाटायचं, आपण आता काहीतरी चुकीचं बोलणार. पहिल्याच घरापुढे उभी राहून ते दोन शब्द घोकत होते. आतून भांडं वाजलं आणि मी पळाले.

मग या दिवटीला युक्ती सुचली. घरी कोणी नसलं की चौकटीला हळदीकुंकवाचं बोट लावून यायची आमच्याकडे रीत. बाई परतली की तिला कळतं, बोलावणं येऊन गेलं. दुपारी गल्लीतली दारं नुसती लोटलेली असत. मी मांजरीच्या पावलांनी गेले, एकेका चौकटीला बोटं लावली आणि घरी येऊन सांगितलं, "झालं."

संध्याकाळी सतरंजी अंथरली, तिळगुळाचं ताट मांडलं, हलव्याचे दागिने घालून मी बसले. दिवेलागण झाली तरी एक बाई फिरकेना. शेवटी सासूबाईंनी समोरच्या काकूंना हाक मारली, तर त्या दारातूनच कडाडल्या, "काहून येऊ? मी आत भाकरी थापून राहिली होती, अन् तुह्यी सून कुलूप लावलेल्या घरावानी चौकटीले कुंकू लावून गेली! आमी काय मेलो होतो?"

साऱ्या गल्लीचा हाच रुसवा. सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "जाय. पुन्हा सगळ्या घरी जाय."

हलव्याच्या दागिन्यांसकट निघाले. रडू येत होतं, पण त्याहून जास्त चीड. साऱ्या जगातल्या बायका दिवसभर तोंड चालवतात, मग मलाच काय धाड भरली? काकू कमरेवर हात ठेवून वाट पाहत होत्या आणि मी करंड्याचं झाकण नुसतं उघडत-मिटत होते. शेवटी ओरडलेच, "मले भेव वाटते तुमचं! म्हणून नाही बोलली!"

"माह्यं भेव? अवं मायबाई!" काकू एवढ्या हसल्या की शेजारणी बाहेर आल्या. "या वं साऱ्याजणी, हे पोरगी आपल्याले भेते म्हणते!" रुसवा गेला. पण भेव वाटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे एकीनंही विचारलं नाही. सगळ्यांना ती गंमतच वाटली.

बायका आल्या, तिळगूळ खाल्ला, पोटभर हसल्या. मी मान वर न करता कुंकू लावत होते, ते एकीच्या नाकाला लागलं. सासूबाईंना वाटलं, चला, सुनेची भीड चेपली.

सकाळी पाण्याला गेले. नळावर त्याच बायका उभ्या होत्या. मी रिकामी घागर घेऊन तशीच घरी परतले.