जाळीवाला हेडफोन

आमच्या आईचा वडिलांवर एकच आरोप होता आणि माझ्या आठवणीत तो कधी बदलला नाही. "हे कानाडोळा करतात." पाणी आलंय म्हणून मोरीतून हाक मारली, तर कानाडोळा. गॅस संपलाय, कानाडोळा. मामाच्या घरी लग्नाला जायचंय, तर सोयीस्कर कानाडोळा. शेजारणी आल्या की ती हे सगळं त्यांच्यासमोर काढायची आणि वडील तिथंच बसून हसत असायचे. ते हसणं पाहून तिचा पारा आणखी चढायचा. मलाही त्यांचा राग यायचा. माझा स्वभाव आईवर गेलाय. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांच्या घरात राहायचो. वडील एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. लोखंडी पत्रा दाबून त्याचे भाग काढायचं ते खातं. तिथं दिवसभर धाडधाड चालायची आणि तिथली माणसं रस्त्यातसुद्धा भांडल्यासारखी बोलायची. पण वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी स्वतःची ओळख कारखान्याची दिली नसती. ते ढोलकी वाजवायचे. बदलापूरची एक गायन पार्टी होती, एप्रिलात जयंतीच्या दिवसांत तिला उसंत नसायची, आणि मी जन्मायच्या आधीपासून तिच्यात ढोलकीवर वडील होते. सगळे त्यांना ढोलकीवाले मामा म्हणायचे. जयंतीला पांढरा सदरा घालून स्टेजवर बसले की ते घरातल्यापेक्षा उंच वाटायचे.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची आहे. पार्टीचा गायक तेव्हा नवी गाणी स्वतःच कॅसेटवर भरून वडिलांकडे पाठवायला लागला होता, कारण शिफ्टमुळे त्यांना तालमीला फारसं जाता यायचं नाही. वडील ती कॅसेट आमच्या टू-इन-वनवर लावायचे आणि बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवायचे. आवाजही फुल. नुसती ढबढब. मांडणीवरची भांडी थरथरायची. आम्हाला वाटायचं, ढोलकीवाल्याला दुसरं काय आवडणार? पण त्या वर्षी पलीकडच्या घरात बाळंतीण होती. तिच्या सासूने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ती आईशी बोलेनाशी झाली. मग घरात ठरलं की हेडफोन आणायचा.

"बंदवाला आण," वडिलांनी मला बजावलं. "कानावर गच्च बसणारा. कानाला थाप लागली पाहिजे."

"गच्च?" आई म्हणाली. "म्हणजे आता कानाडोळ्याला मशीनच आणायचं. ते काही नाही. मी हाक मारली तर ऐकू जाईल असला आण."

मी नुकतीच बदलापूरच्या एका शाळेत शिकवायला लागले होते. तिथल्या एका बाईंच्या भावाने मस्कतहून हेडफोन आणला होता. त्याच्या मागच्या बाजूला झाकण नव्हतं, नुसती जाळी. कानाला लावूनही बाहेरचं बोलणं ऐकू यायचं. त्याला ओपन म्हणतात, असं त्या बाईंनी सांगितलं. मी मनात ठरवून टाकलं की ओपनच घ्यायचा, फक्त त्याच्यात बेस भरपूर पाहिजे. म्हणजे आईचीही ओरड बंद, वडिलांचीही हौस फिटली. असल्या तडजोडी करण्यात मी स्वतःला फार हुशार समजायचे.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर उल्हासनगरला उतरले. पहिल्याच दुकानात मी ऐटीत म्हटलं, "ओपन हेडफोन दिखाओ." दुकानदाराने मागे हाक दिली, "अरे, खुला दे मैडम को." आणि माझ्यापुढे प्लास्टिकच्या पिशवीतला एक हेडफोन येऊन पडला, खोक्याशिवाय, वायरीला रबर बांधलेला. मी बघतच राहिले. त्या बाजारात खुला म्हणजे सुटा माल, बिनखोक्याचा, हे मला कोण सांगणार? मी म्हटलं, तसा नाही, पाठीमागून खुला. त्याने क्षणभर विचार केला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत एका चांगल्या हेडफोनचं मागचं झाकण खोलायला लागला. मी हबकले. ओरडून त्याला थांबवलं. पुढच्या दुकानातला तर त्याच्याही वरताण निघाला. "होल मार देते हैं ना," तो म्हणाला, "जितना बोलो उतना ओपन." ड्रिल मशीन त्याच्या हाताशीच होतं. मी तिथून अक्षरशः पळ काढला.

शेवटी एका गल्लीत एक म्हातारे सिंधी दुकानदार भेटले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "अच्छा, जालीवाला," ते म्हणाले. "पर साईं, जाली में बेस कम रहता है. सब बाहर भाग जाता है. किसके लिए चाहिए?"

"वडिलांसाठी. ढोलकी वाजवतात."

त्यांनी तीन-चार काढून ठेवले आणि एक कॅसेट लावली. पहिला कानाला लावला मात्र, मी दचकून काढूनच टाकला. मला वाटलं दुकानातले स्पीकर चालू झाले आणि गल्लीभर गाणं वाजतंय. बंदवाला हेडफोन मी कॉलेजात ऐकला होता, त्यात आवाज डोक्यात कोंडल्यासारखा व्हायचा. इथं तो मोकळा होता, माझ्या दोन्ही बाजूंना, हातभर लांब. आणि त्यातूनच त्या दुकानदारांचं बोलणंही येत होतं. ते म्हणाले, "हाथ से दबाओ." दाबल्यावर बेस एकदम वाढला. "देखा? मतलब गद्दी ठीक से बैठती नहीं." जो दाबला काय, न दाबला काय, सारखाच वाजेल तो घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. मी एकेक लावून दाबून पाहिला. शेवटच्याच्या गाद्या जाड आणि मऊ होत्या, आतला स्पीकर मोठा होता, आणि दाबूनही फरक पडेना. बेस पोटापर्यंत जाणवत होता. मी खूश झाले आणि तो खोक्यासकट घेतला, कारण खुल्याची मला आता धास्तीच बसली होती.

वडिलांनी तो घातला आणि त्यांचं तोंड उतरलं. "बेस जातोय कुठं याच्यातून?" मला धक्काच बसला. इतकी पायपीट करून, निवडून निवडून आणलेला, आणि म्हणे बेस कुठं जातोय. मी फणकाऱ्याने म्हटलं, "बाबा, याच्याहून जास्त बेस हवा असेल तर प्रेस शॉपमध्येच बसा." ते हसले. आवाज फुल केला, बेस फुल केला आणि मग त्यांच्या मांडीवर बोटं सुरू झाली.

आई मात्र खूश होती. जाळीतून गाणं बाहेर झिरपायचं, बारीक, चिरचिरं. ढोलकीची थाप आमच्यापर्यंत येत नसे, पण गायकाचे शब्द न् शब्द कळायचे, टाळ कळायचे. भाजी निवडता निवडता आई ती गाणी गुणगुणायला लागली. हाकेचं म्हणाल तर पूर्वीसारखंच. जाळीतून बाहेरचं सगळं ऐकू येतं हे मी तिला पटवून दिल्यामुळे आता तिच्याकडे पुरावाच होता. "बघ," ती म्हणायची, "आता तर कान उघडे आहेत ना? तरी कानाडोळा."

जयंती पुढच्याच आठवड्यात आली होती. रविवारची सकाळ होती. आईने पांढरा सदरा नीळ घालून धुतला होता आणि तो दारासमोरच्या दोरीवर वाळत होता. वडील उंबऱ्याजवळ पाटावर, डोळे मिटून, हेडफोन लावून. आई त्यांच्या शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. मी पेपर तपासत होते. हेडफोन घेतल्यानंतर आलेल्या नव्या कॅसेटमधलं शेवटचं गाणं संपलं. रोज त्या सुमारास आई स्वयंपाकाला उठलेली असायची आणि मी शाळेत, म्हणून पुढचं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

जाळीतून गायकाचा आवाज आला. तो गात नव्हता, बोलत होता.

"मामा, गाणी संपली. आता जरा माझं ऐका. तोंडावर बोलायला जीभ रेटत नाय. मागं दोनदा बोललो, तुम्ही हसून सोडून दिलं. मामा, ठेका मागं पडतोय. गाणं एकीकडं आणि ढोलकी एकीकडं होतंय. यंदा जयंतीला माझ्या भाच्याला बसवतोय ढोलकीवर. तुम्ही पुढं खुर्चीवर बसा, मानानं. राग आला तर या, शिव्या घाला. नाय आलात तर तुमची ना नाय असं समजतो."

आईचे हात सुपातच थांबले. आम्ही दोघींनी वडिलांकडे पाहिलं. त्यांची बोटं मांडीवर चालू होती.

पहिल्यांदा माझ्या मनात आईचाच शब्द आला. कानाडोळा करतायत, म्हटलं. ऐकूनही न ऐकल्यासारखं. आठवडाभर हे रोज ऐकतायत आणि आमच्यापाशी चकार शब्द नाही. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता. कपाळाला बारीक आठी होती, अवघड जागी ठेका धरताना यायची तशी, आणि ओठ मात्र हसत होते. बोटं अगदी हलकी पडत होती. गायक बोलून संपला. कॅसेट तशीच कोरी फिरत राहिली आणि मग खट्‌ करून बटण वर आलं. त्यांची बोटं थांबली नाहीत. आवाज संपल्यावरही, बटण वर आल्यावरही ते वाजवत होते. मग त्यांनी डोळे उघडले, रीळ फिरत नाही हे पाहिलं, आणि कॅसेट मागे घ्यायला बटण दाबलं.

मी इतकी हादरले की हातातला लाल पेन कुठं गेला ते कळलं नाही. बेसचं ते बटण, शेवटपर्यंत फिरवलेलं. कानाला थाप लागली पाहिजे हे म्हणणं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची त्यांची सवय, आणि काहीही विचारलं तरी हसणं. सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. त्या पत्र्याच्या धाडधाडीने त्यांचे कान कधीच नेले होते. राहिला होता तो फक्त खालचा घुमारा. म्हणजे एकाच गाण्यातला टाळ आणि शब्द जाळीतून आमच्याकडे येत होते, आणि ढोलकीची थाप तेवढी त्यांच्याकडे राहत होती. मोरीतून मारलेल्या आईच्या हाकेत थाप कुठून असणार?

आई उठली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं, तिने लांबून हाक मारली नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली.

"ऐकलंस का?" तेच आधी बोलले, मोठ्याने, प्रेस शॉपमधल्यासारखे. "शेवटचं तेवढं अवघड आहे बघ. त्याच्यात ढोलकीच टाकलेली नाही, नुसता त्याचा आवाज. माझ्यासाठी मोकळं सोडलंय. मी आपला बसवलाय ठेका. हलका ठेवलाय, शब्द दबायला नकोत."

मला वाटलं आई खोटं बोलेल. मी असते तर बोलले असते. पण तिने त्यांची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि सावकाश, एकेक शब्द मोकळा करत, गायक काय म्हणाला ते सगळं सांगितलं. भाचा, खुर्ची, मानानं. वडील तिच्या ओठांकडे बघत होते. तिचं सांगून झालं तरी ते बघतच राहिले. बाहेर सदरा वाळला होता आणि वाऱ्याने दोरीवर उलटापालटा होत होता.

"मग ते गाणं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

आईने नकारार्थी मान हलवली.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बोटांनी जाळीवरची धूळ पुसली. मग ते आईला म्हणाले, "पण माझा ठेका चुकत नव्हता त्याच्यावर."

"नाही," आई म्हणाली, त्यांना दिसेल असं तोंड करून. "एकदाही नाही चुकला."