वाळत ठेवलेला ओंडका

शिरपूरकडचं गाव सोडलं तेव्हा टेम्पोत आधी नवऱ्याची पटाशांची पेटी चढली, मग भांडी, मग मी. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "लोखंड नेताय, लाकूड ठेवताय. म्हणजे परत येणार." मागच्या छपराखाली शिसवाचा ओंडका वाळत होता. त्यातून आम्हा दोघांच्या म्हातारपणाच्या खाटेचे पाय निघणार होते.

सिल्वासाजवळ खडोलीच्या कारखान्यात त्यांना लेथवर घेतलं. तिथे मीठ आणि मिरी दळायच्या लाकडी चक्क्या होतात. कमरेत बारीक, वरचं डोकं फिरवलं की खालून भुकटी पडते. सगळा माल परदेशी जातो. पहिली चक्की घरी आणली तेव्हा मी विचारलं, "त्यांच्याकडे खलबत्ता नाही?"

"ताट पुढ्यात आलं की ज्याची तो दळून घेतो."

"मग बायको काय करते?"

पुष्कळ हसले.

गावी ते लाटणी, ताकाच्या रव्या करायचे. लाकूड जरा ओलं असलं तरी खपून जायचं. सवयीने इथेही तसंच केलं. लाकूड मागाहून सुकलं, वाकलं, चक्क्यांची डोकी अडकून बसली. सगळा माल परत. शेठ एवढंच म्हणाला, "काका, उतावळ शेनी? लकडी सूखने दो." तेव्हापासून त्यांनी घाई सोडली, ती घरातही.

मी गावी राहायला जाऊ म्हटलं की म्हणायचे, "ओंडका वाळला नसेल अजून." सासूबाईंचं तेरावं झालं तेव्हा मी हट्टच धरला. ते छपराखाली गेले, ओंडक्यावर टकटक केलं, कान लावला. "ओला आहे." वाळलेलं लाकूड वाजतं तसा खणखणीत वाजला होता, मला ओट्यावर ऐकू आला. पण मुलाची नोकरी इथली, नातवंडं इथली, सामरवरणीच्या आमच्या खोलीत त्यांचाही जीव रमलेला. हे तोंडाने म्हणायची लाज वाटायची, म्हणून लाकडावर ढकलत होते. मी मनाशी म्हटलं, कधीतरी वाळेलच.

या उन्हाळ्यात लेथसमोरच छातीत कळ आली आणि गेले. मी दिराला फोन केला, "येताना ओंडका आण."

"वहिनी, आता खाट कोणासाठी?"

"फोडून आण."

दमणगंगेच्या काठी त्याच लाकडावर त्यांना ठेवलं. चांगला वाळला होता. लगेच पेटला.

गावाकडच्या तुम्ही सगळ्या फोनवर विचारता, आता कधी येणार? गाव सोडून इकडे आलेल्याही विचारतात, आता जाणार का? सकाळी चहात मिरी घालते, त्यांच्या त्या पहिल्या चक्कीतली. ती अडकणाऱ्यांतलीच आहे. दोन्ही हातांनी पिळावी लागते, तेव्हा कुठे चिमूटभर पडते. इथे माझं एवढं आहे.

गावी आता माझं काही वाळत नाही.