साडूंच्या गाडीतला पिवळा दिवा

उभ्या परभणी जिल्ह्यात कुणाचंही न ऐकणारा एकच माणूस आहे, आणि माझं भाग्य असं की तो माझा साडू आहे. पाथरीत त्यांचं बी-बियाण्याचं दुकान. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटल्या दिवसापासून ते लोणच्याची बरणीच ताटाशेजारी घेऊन जेवतात. एका लग्नात आचारी म्हणाला, "मालक, कढईपासून लांब व्हा," त्याबरोबर साडू कढईत डोकावले, आणि अर्ध्या भाजलेल्या मिशीनिशी त्यांनी नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या सगळ्यांची अक्का. लग्न झाल्यापासून तिचं प्रत्येक वाक्य "आवं" असं सुरू होतं, आणि ते पुरं व्हायच्या आत साडू अंगणात पोचलेले असतात.

गेल्या वर्षी त्यांनी आपल्या पिकअप गाडीला कापसाच्या ट्रकला शोभावेत असे टायर बसवले. चारही टायरांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. गाडी एवढी उंच झाली की अक्काला चढायला देवघरातला पाट लागायचा. साडू वरून म्हणाले, "आता खड्डेच आपल्याला भ्यायलेत!" पण समोर टायरची हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागला तो जाईना. गॅरेजवाल्याने समजावलं, "मोठ्या टायरला हवा जास्त लागती. हवा वाढवा, अन् किती हवेला दिवा लागायचा ती पातळीबी सेटिंगमधी वर न्या." साडूंना अपमान वाटला. "म्हंजे गाडी आमाला शिकवणार?" दुकानासमोर गाडीत बसून, नाकावर चष्मा घेऊन, त्यांनी बटणं दाबत दाबत ती पातळी पार तळाला नेली. दिवा विझला. आता चाकं वाटेत गळून पडली असती तरी गाडीने हूं की चूं केलं नसतं.

"बघा साडभाऊ, गप केली का न्हाई?" ते मला म्हणाले.

अक्का शेजारीच उभी होती. म्हणाली, "बरं झालं, मला बटन न्हाई."

मग आम्ही येलदरीचं धरण बघायला निघालो. मी मागच्या सीटवर, अक्का पुढे.

"आवं, गाडी डाव्या अंगाला ओढायलीय."

"रस्ता ओढायलाय."

"आवं, हवा बघा की."

"दिवा लागलाय का? न्हाई ना? मग!"

थोड्याच वेळात डावं चाक बसलं. साडू उतरले आणि विझलेल्या दिव्यावर खेकसले, "तुला बोलाया काय झालं होतं?" तेवढ्यात मागून एसटी आली. अक्काने खिडकीतूनच हात केला. मला म्हणाली, "भाऊजी, पाट लावा." पाटावर पाय ठेवून ती राणीसारखी उतरली, पाट काखोटीला मारला आणि एसटीत चढली. एसटी हलताना म्हणाली, "आवं, हवा बघा!"

दुसऱ्या दिवशी ती नाशिकला लेकीकडे गेली. पाटासकट. फोनवर "येते, येते" म्हणते, दिवस सांगत नाही. साडूंच्या तोंडून "ये" निघत नाही. निघाला तर हिचं ऐकल्यासारखं होईल ना!

परवा त्यांनी मला अचानक गाडीत घातलं. कुठे जायचं ते सांगितलं नाही, आणि पुढची सीट मोकळी असून मागे बसवलं. शंभर पावलं गेलो नाही तोच टुंग! पिवळा दिवा. साडू उतरले, चारही चाकांवरून हात फिरवून आले. पुन्हा टुंग. पुन्हा उतरले. पातळी त्यांनी आता इतकी वर नेली होती की हवा ठीक असूनही गाडी कुरकुरत होती.

"ऐकायलोय बाई, ऐकायलोय," ते दिव्याला म्हणाले.

"साडभाऊ, हे काय?"

त्यांनी मोकळ्या सीटकडे बघितलं. "सगळं सांगती बघा. पण 'आवं' न्हाई म्हणत."

एक फर्मास टोमणा माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला, कारण तेवढ्यात माझा हात शेजारी ठेवलेल्या वस्तूला लागला. कोरा सागवानी पाट होता. त्यावर अजून कुणाचं पाऊल पडलं नव्हतं.