प्लेटांवरच्या कुरडया

आमचं घर कळसाडी गावाजवळ. वडिलांची फुप्फुसं निकामी होऊ लागली तेव्हा ऑक्सिजनचं मशीन घरी आणलं. दुपारी वीज जायची, म्हणून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, सोलरच्या प्लेटा बसवल्या. बॅटरी जुनी होती. दिवसा वीज नसली की वडिलांचा श्वास त्या प्लेटांवरच चाले.

प्लेटेतल्या काळ्या चकत्यांवर प्रकाश पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वाहू लागतात. काम प्रकाशाचं, उष्णतेनं उलट वीज थोडी घटते. चकत्या माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. थोड्या झाकल्या तरी साऱ्या माळेचा प्रवाह अडतो.

आईच्या दृष्टीने त्या प्लेटा म्हणजे धाब्यावरची सर्वांत तापलेली जागा होती. वडिलांना जेवण जात नव्हतं, पण तळलेली कुरडई ते मागून घेत. फाल्गुनात आईने गव्हाचा चीक शिजवला, प्लेटांवर जुनं लुगडं अंथरलं आणि सोऱ्याने त्यावर कुरडया घातल्या. मग ती मागच्या अंगणात भांडी घासायला बसली.

वीज गेली. काही वेळाने बॅटरीही संपली. मी शेतातून आलो तेव्हा मशीन बंद होतं, वडिलांचे ओठ निळसर झाले होते. तारा पाहायला धाब्यावर धावलो. लुगडं ओढून काढलं, खाली येऊन इन्व्हर्टर सुरू केला. मशीन घरघरलं.

आई दारात उभी होती. "काचवर ऊन चांगलं लागस, मुंग्या बी येतस नई," ती म्हणाली.

वडिलांना बोलता येऊ लागलं तेव्हा ते तिला म्हणाले, "वाळन्यात का वं कुरडया? मी बी वाळी चालनू व्हतू."

आई हसली नाही. ओल्या कुरडया तिने गाईपुढे टाकल्या.

वडील भाद्रपदात गेले. तेव्हा वीज होती, मशीन चालू होतं. फुप्फुसंच संपली होती, त्या दुपारचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर मला विचारलं, "त्या दिन मशीन कितला येळ बंद व्हतं?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

आता कोणी भेटायला आलं की ती त्यांनाही हेच विचारते. त्या दुपारी त्यांच्यापैकी कोणी घरात नव्हतं.