सावकाश जेवणारी जाऊ

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. नळाला पाणी वीस मिनिटं उशिरा. सकाळी मेथी निवडली. दुपारी भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कढी. शोभाबाई एक्केचाळीस मिनिटं जेवल्या, मी आठ. डॉक्टरांकडे गेले. जेवणानंतरची साखर दोनशे चौतीस. ‘गिळू नका, चावा,’ म्हणाले.

‘चावा’ लिहिताना रंजनाबाईंनी पेन इतकं दाबलं की अक्षर पुढच्या पानावर उमटलं. डॉक्टरांनी बरंच समजावलं होतं. पचनाची सुरुवात तोंडातच होते, लाळ नीट मिसळली की पोटाचं काम हलकं होतं, पोट भरल्याचं डोक्याला कळायला वीसेक मिनिटं लागतात आणि तोवर घाईनं खाणारा माणूस जास्तीचं खाऊन बसतो. ते सगळं त्यांना पटलं. पण जाता जाता डॉक्टर म्हणाले, “तुमच्या जाऊबाई बघा! अठ्ठ्याहत्तर वर्षं, सगळे दात जागेवर, एक गोळी नाही.” तिथे ठिणगी पडली.

आठ मिनिटांची सवय त्यांना भुसावळच्या कॉन्व्हेंटनं लावली होती. वसतिगृहात घंटा झाली की ताटावरून उठायचं, मग पानात काही का असेना. लग्न होऊन सुरतेत आल्या. नवरा, मगनराव, कापडाच्या लूमवर, बारा तासांची पाळी. ते जेवणाच्या सुट्टीत येणार, त्यांना गरम वाढायचं, ते गेले की ओट्याशी उभ्या उभ्या दोन घास. मगनराव जाऊन नऊ वर्षं झाली, घाई मात्र घरातच राहिली.

शोभाबाई थोरल्या जाऊ. त्यांची लूमवाल्या पोरांसाठी खानावळ होती. चाळीस जणांना वाढून झालं की तीन वाजता त्या एकट्या ताट घेऊन बसत आणि तेवढीच बैठक त्यांच्या वाट्याला येई, म्हणून ती लांबवत. थोरले दीर वारल्यावर चार वर्षांपूर्वी त्या पर्वत पाटिया भागातल्या या घरात राहायला आल्या, त्या आपलं सावकाश जेवण घेऊनच. चौथीसुद्धा न शिकलेली बाई, आणि घरातली सून तिच्यासाठी ताटावर बसून राहते!

हे खरं दुखणं होतं. साखर नंतरची.

रंजनाबाई मोरीत भांडी घासत आणि आतून सुनेच्या, हर्षदाच्या, हसण्याचा आवाज येई. मग मागच्या आठवड्यात कळलं की हर्षदानं पलसाण्याच्या एका डाइंग हाउसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, ऑफिसात नोकरीसाठी मुलाखत दिली आहे. शोभाबाईंना ते आठ दिवसांपासून ठाऊक होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगणारच होते, आई. तुम्ही ताट घेऊन उठलात.”

“आणि त्यांना बरं सांगितलंस!”

“मोठ्या आई बसल्या होत्या ना.”

त्या दिवशी रंजनाबाईंनी मनात ठरवलं, नोकरी लागली की नाही ही बातमी पहिली आपल्या कानावर आली पाहिजे. शोभाबाईंच्या नव्हे.

डॉक्टरांकडून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मगनरावांचं मनगटी घड्याळ ताटाशेजारी आलं. डायरीत रोज मिनिटं पडू लागली. सतरा, बावीस, सव्वीस, पस्तीस. जेवताना रंजनाबाई सुनेला विचारत, ऑफिसात माणसं किती? जायला रिक्षा की बस? साहेब मराठी की गुजराती? हर्षदा ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ म्हणे आणि आमटी वाढून घेई. शोभाबाई आपल्या चावत असत, संथपणे, कोणाचं काही देणं नसल्यासारख्या.

दोन आठवड्यांनी साखर तपासली. दोनशे एकोणतीस. जेवल्यावर पोट अजून ढोलासारखं फुगतच होतं.

“वेळ तर पाळला मी!” रंजनाबाई ताटावरच म्हणाल्या. “तुमच्यापेक्षा सहाच मिनिटं कमी!”

शोभाबाईंनी घास संपवला. मगच आपल्या अहिराणीत बोलल्या. “रंजू, तू घड्याळ चावी राहिनी, भाकर नही.”

“म्हणजे?”

“भाकर चुरस, कढीमा भिजाडस, गपकन गिळस. मंग हात धरीसन काट्याकडे देखत बसस. चावस कवय?”

हर्षदा फस्सकन हसली. रंजनाबाईंचे कान तापले, कारण ते खरं होतं. भाकरी कढीत कालवायची, म्हणजे भराभर उतरते, ही त्यांची पन्नास वर्षांची युक्ती. मिनिटं त्यांनी वाट बघण्यात भरली होती. आणि चूक दाखवली ती कोणी, तर हिनं!

गुरुवारी शोभाबाई चलथाणला भाचीकडे गेल्या. मुलगा कामावर, ताटं दोनच. रंजनाबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली. कढीची वाटी त्यांनी मुद्दाम लांब ठेवली आणि कोरड्या भाकरीचा तुकडा वांग्याच्या भाजीला लावून तोंडात टाकला. चावला. पुन्हा चावला. विसाव्या वेळेला भाकरीला गोडी आली. ज्वारी गोड असते हे सत्तरीत कळावं!

विचारायचं बरंच होतं, पण तोंड भरलेलं. त्या नुसत्या बघत राहिल्या.

थोड्या वेळानं हर्षदाच बोलू लागली. मुलाखतीत आधी घाबरलेच होते म्हणाली. कंप्युटरवर गुजराती टाइप करायला सांगितलं, दोनदा चुकलं. रंजनाबाईंनी मान हलवली, दुसरा घास घेतला. मग हर्षदानं आवाज खाली आणला.

“सकाळी फोन आला, आई. घेतलंय मला. सोमवारपासून. ह्यांनाही अजून सांगितलं नाही.”

रंजनाबाईंनी घास घाईनं गिळला नाही. नीट संपवला. तेवढ्यात डोळे भरून आले ते मिरचीवर ढकलता आले. “शाब्बास,” एवढंच म्हणाल्या. भाकरी अर्धीच संपली होती आणि पोट भरलं होतं.

“मोठ्या आईंना मी सांगते हं. तुम्ही नका सांगू.”

त्या बाईसाठी वेगळा समारंभ हवाच का? पण त्यांनी पुढचा घास तोंडात टाकला. गप्प राहिल्यानंच तर हे हाती आलं होतं. चार वर्षं ती बाई तोंडात घास ठेवून सगळ्यांचं ऐकत होती, आणि आपण मोरीतून कान देत होतो.

सहा वाजता शोभाबाई आल्या. चपला काढता काढता त्यांनी जावेकडे नीट पाहिलं.

“काय व्हयनं गं? तोंड उजळेल शे तुनं.”

“कुठे काय,” रंजनाबाई म्हणाल्या. आपल्याला ठाऊक आणि हिला नाही, हे सुख त्यांनी चांगलं दहा मिनिटं तोंडात घोळवलं. “चहा घ्या. सावकाश घ्या.”

हर्षदानं सांगितलं तेव्हा शोभाबाईंनी सुनेला जवळ घेऊन गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. रंजनाबाई तेवढा वेळ मुद्दाम गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या.

मग डायरी उघडून त्यांनी लिहिलं: दूधवाल्याला सोमवारपासून सकाळी साडेसहाला यायला सांगितलं, हर्षदा निघायच्या आत.