तेक्लानं घालवलेला कप

तेक्ला कोवालचुकनं बर्चलेक गावच्या इस्पितळात उभा जन्म लोकांच्या डोक्यांना तारा चिकटवण्यात घालवला. ई.ई.जी.चं मशीन तेव्हा कपाटाएवढं होतं आणि त्याच्या पेना कागदावर कुरकुरत मेंदूच्या लाटा काढायच्या. तारांचा चिकट लेप धुऊनही केसांतून जायचा नाही, म्हणून दुकानात बायका एकमेकींना विचारायच्या, "काय गं, तेक्लाकडे गेली होतीस वाटतं?" काय दिवस होते ते! आता सगळं पडद्यावर दिसतं, पण तेक्लाला अजून त्या कुरकुरीची आठवण येते.

हिवाळ्यात तिच्याकडे गर्दी असायची ती बर्फावरच्या हॉकीवाल्यांची. हेल्मेट घालणं तेव्हा कमीपणाचं वाटे. डोकं आपटलं की डॉक्टर विचारायचे, आज वार कोणता, स्कोअर किती; बरोबर सांगितलं की गडी परत खेळायला मोकळा. म्हणून कोणी बर्फावर आडवा झाला की डॉक्टर पोचायच्या आत टीमचे गडी कानाशी लागून त्याच्याकडून उत्तरं घोकून घ्यायचे. शाळेत ज्यांनी कधी पाठांतर केलं नाही, ते इथं मात्र पहिले!

तेक्लाचा नवरा नेस्टर त्यांचा कप्तान. फायनलच्या आधीच्या सामन्यात तो कठड्यावर आपटला, उठला, वार सांगितला, स्कोअर सांगितला आणि उरलेला खेळ खेळून घरी आला. चार-पाच दिवसांनी जेवताना त्यानं पिरोहीवरचं, त्या उकडलेल्या करंज्यांवरचं, आंबट क्रीम कॉफीत ढवळलं आणि पिऊन टाकलं. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

"ऊठ. चल माझ्याबरोबर इस्पितळात," तेक्ला म्हणाली.

"अगं, क्रीमच ते! तुझ्या कॉफीला तेवढीच चव आली."

पण गेला. मशीनलाही चकवू, असं त्याला वाटत होतं. पडल्या पडल्या म्हणतो, "हं, विचार काय विचारायचंय ते."

"हे काही विचारत नाही. डोळे मिट आणि गप पड."

पेना धावू लागल्या. उजवीकडच्या लाटा बारीक, नेहमीसारख्या. डावीकडच्या मात्र रुंद, संथ, गाढ झोपेतल्या माणसाच्या असाव्यात तशा. आणि नेस्टर तर टक्क जागा होता. तेक्लानं तारा पुन्हा चेपून पाहिल्या, लाटा तशाच.

नेस्टरनं डोळे उघडून तिचा चेहरा पाहिला. "तेक्ले, परवा फायनल आहे. माझं वय बघ, पुन्हा नाही मिळायची. फाडून टाक तो कागद. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

कागद इस्पितळातल्या डॉ. फिंडलींच्या हातात गेला आणि नेस्टर सॅस्काटून शहरातल्या मोठ्या इस्पितळात. कवटीच्या आत रक्त साचत होतं. आणखी एक धक्का बसला असता तर हा माणूस हाती लागला नसता, असं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननं सांगितलं. इकडे टीम हरली.

नेस्टर जगला आणि जन्मभर टोमणे मारत राहिला. लग्न असो, नाताळ असो, चारचौघांत सुरू व्हायचा, "ही बघा आमची बाई! हिनं गावाचा कप घालवला." तेक्ला फणकारायची, "मग जा ना परत बर्फावर, म्हाताऱ्या! अडवलंय कुणी?" मनातून मात्र सुखावायची. नवरा समोर उभा राहून भांडतोय, आणखी काय हवं?

गेल्या वर्षी नेस्टर पिकल्या वयात, झोपेतच गेला. या हिवाळ्यात बर्चलेकनं कप जिंकला. मैदानाच्या कडेला शेजारीण तेक्लाला मिठी मारून ओरडली, "आला गं बाई एकदाचा!" कोणी तिला गरम कॉफी आणून दिली, कोणी पायांवर घोंगडी घातली. तेक्ला कान देऊन बसली होती, कोणीतरी आता तिला कप घालवल्याचा टोमणा मारेल म्हणून. पण सगळे तिच्याशी फार चांगलं वागत होते. तेव्हा तिला रडू फुटलं.